कपट्यांचे पत्ते

दिवाळीची साफसफाई सुरू झाली, की मध्यमवर्गीय घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "काढा ती अडगळ बाहेर!" दुसरा म्हणतो, "असू द्या, कधीतरी उपयोगी पडेल." पहिल्या पक्षात बहुधा तरुण मंडळी असतात, दुसऱ्यात आम्ही. आमच्या पक्षाचे दुर्दैव असे, की ते 'कधीतरी' सहसा उगवत नाही. आहेराच्या पाकिटावरची सोनेरी वेलबुट्टी, साडीच्या खोक्यातला झिरझिरीत कागद, मिठाईच्या डब्यावरची चंदेरी झालर, गेल्या सालच्या कॅलेंडरावरचे चित्र, आकाशकंदील करताना उरलेल्या पतंगी कागदाच्या पट्ट्या, हे सारे आम्ही नीट घडी घालून ठेवतो. पुढल्या दिवाळीला त्याच घड्या झटकतो आणि पुन्हा ठेवून देतो.

एरवी या सदरात मला दीड पान मिळते. दिवाळी अंकात संपादक जरा हात सैल सोडतात, म्हणून यंदा आमच्या पक्षाची बाजू सविस्तर मांडावी म्हणते. कारण आमचे ते 'कधीतरी' एकदाचे उगवले आहे. कागदाच्या कपट्यांतून हातभर नव्हे, बोटभर चित्रे करायची आणि ती एकमेकांशी बदलायची, असा एक छंद जगात निघाला आहे. आणि गेले वर्षभर त्याने माझ्यावर चांगलीच पकड बसवली आहे.

इंग्रजीत त्याला 'आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड' असे भारदस्त नाव आहे. आम्ही घरात त्याला नुसते 'पत्ता' म्हणतो. पत्त्यांच्या कॅटातला एक पत्ता डोळ्यांपुढे आणा: अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. तेवढ्या जागेत जे काय करायचे ते करा. कागद चिकटवा, रंगवा, दोऱ्याने शिवा. मागे आपले नाव लिहा, तारीख घाला, वाटल्यास चित्राला नाव द्या. झाला पत्ता. फक्त एक अट आहे, आणि साऱ्या छंदाचा जीव त्या एका अटीत आहे. पत्ता विकायचा नाही, बदलायचा.

ही अट घातली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरातल्या एका चित्रकाराने. त्यांचे नाव वँची स्टिर्नेमान. त्यांनी हाताने बाराशे पत्ते केले आणि १९९७ साली त्यांचे प्रदर्शन भरवले. लोक येत, पत्ते पाहत, आणि अर्थातच विचारत, "हा कितीला?" त्यावर स्टिर्नेमान यांचे उत्तर असे, की पैशाला एकही मिळायचा नाही. हवा असेल तर प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी स्वतः केलेला पत्ता घेऊन या आणि माझा घेऊन जा. लोक आले. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅल्गरी शहरात डॉन मेबी या चित्रकाराने तशाच बैठका सुरू केल्या आणि तेथून ते लोण देशोदेशी गेले. आता माणसे टपालानेही पत्ते बदलतात. एकाने यजमान व्हायचे, प्रत्येकाने ठरलेले नग त्याच्याकडे पाठवायचे, आणि यजमानाने ते पिसून तितकेच नग ज्याचे त्याला परत धाडायचे.

कपटे चिकटवून चित्र करणे ही मात्र काही नवी टूम नव्हे. मेरी डिलेनी नावाच्या एका इंग्लिश बाईंची गोष्ट मला फार आवडते. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, वैधव्य आले असताना या बाईंनी कात्री हाती घेतली. रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे कापायचे आणि काळ्या पार्श्वभूमीवर ते चिकटवून एकेक फूल उभे करायचे. पाकळी, देठ, पराग, पानावरची शीर, सगळे कागदाचे. एकेका फुलाला शेकडो तुकडे लागत. दृष्टी अधू होऊन हात थांबला तोपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षांत, बाईंची नऊशेपंच्याऐंशी फुले झाली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. 'आता या वयात काय शिकायचे!' असे म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हा बहात्तरचा आकडा ऐकवते.

१९१२ साली ब्राक या फ्रेंच चित्रकाराने भिंतीला लावायचा, लाकडासारखा दिसणारा छापील कागद आपल्या चित्रात चिकटवला. त्याचा मित्र पिकासोही तेच करू लागला, आणि त्या प्रकाराला 'कोलाज' हे नाव मिळाले. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ सरळ 'चिकटवणे'! म्हणजे शाळेत आपण ज्याला चिकटकाम म्हणत होतो, तेच हे. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला, सारे मोडकळीला आले, तेव्हा हॅनोव्हरचा कुर्ट श्विटर्स रस्त्यावरची ट्रामची तिकिटे, वेष्टने, फाटक्या जाहिराती गोळा करू लागला. १९१९ साली एका बँकेच्या जाहिरातीतल्या 'कोमेर्त्स' या शब्दातले 'मेर्त्स' एवढेच अक्षर त्याच्या चित्रात राहिले आणि पुढे आपल्या सगळ्या कामाला त्याने तेच नाव दिले. मोडलेल्या वस्तूंतूनही नवे काही उभे करता येते, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या दुसऱ्या पक्षाला याहून मोठा पुढारी कोण मिळणार?

आणि हातावर मावेल एवढे चित्र म्हटले, की आपली सावंतवाडीची गंजिफा आठवायलाच हवी. गोल पत्ते, लाखेचे काम, दशावतारी डावात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा म्हणजे एकशेवीस पत्ते, आणि प्रत्येक हाताने रंगवलेला. लहान जागेत मोठे जग बसवायची विद्या आपल्याला परकी नाही.

आता कृती सांगते. ती सांगितल्यावाचून आमच्या भगिनी मला सोडायच्या नाहीत.

पत्त्यासाठी जाड कागद हवा. तो विकत आणू नये. नव्या शर्टाच्या घडीत येणारा पुठ्ठा, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, जुन्या वहीचे वेष्टन, यांतून तो निघतो. टाइप करायच्या नेहमीच्या कागदाएवढ्या एका पुठ्ठ्यातून नऊ पत्ते बसतात. पुठ्ठ्याला कापडासारखा धागा असतो. वर्तमानपत्र उभे फाडून पाहा, सरळ फाटते. आडवे फाडा, वेडेवाकडे जाते. पुस्तके बांधणारे ही खूण जाणतात. पत्त्याचा धागा आणि त्यावरच्या मोठ्या तुकड्याचा धागा एकाच दिशेने ठेवला, की पत्ता धनुष्यासारखा वाकत नाही. तरीही वाकला तर मागच्या बाजूला एक कोरा कागद चिकटवावा; दोन्हीकडून सारखी ओढ बसते आणि तो निमूट सरळ होतो. (संसारातही हाच नियम आहे, पण तो विषय निराळा.)

चिकटवायला बाजारचा पांढरा गोंद चालतो. पण पतंगी कागद त्याने भिजून सुरकुततो. त्याला घरची खळच बरी: मैदा पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत शिजवावा. बाइंडर लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. पण मोरचूद विषारी, तेव्हा पोराबाळांच्या घरात ते धाडस करू नये. थोडी खळ करावी आणि दोन दिवसांत संपवावी. खळ पातळ कागदाला न लावता पुठ्ठ्याला लावावी, वर कागद अलगद टेकवावा, आणि पत्ता रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावा. आमच्याकडे या कामी शब्दकोश येतो. त्याचा इतका उपयोग यापूर्वी कधी झाला नव्हता.

काय चिकटवावे आणि काय नाही, यातही थोडे तारतम्य हवे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा; त्यातल्या लिग्निनमुळे तो उन्हाने पिवळा पडतो. कधी तो पिवळेपणाच हवा असतो, पण ठाऊक असलेले बरे. हल्ली दुकानात आणि बसमध्ये यंत्रातून निघते ती पावती मात्र बिलकुल वापरू नये. तिच्यात शाई नसतेच. कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो, म्हणून अक्षरे उमटतात. वर्षा-दोन वर्षांत ती उडून जातात आणि आपल्या चित्रात एक पांढरी पट्टी तेवढी उरते. जुने कंडक्टर चिमट्याने भोक पाडून देत ती तिकिटे आपल्याहून जास्त जगतील.

मांडणीचा नियम एकच सांगते. एक तुकडा मोठा, एक मध्यम, एक लहान. आणि थोडी जागा मोकळी. सगळे आधी नुसते मांडून ठेवावे. रात्री सुंदर वाटलेले सकाळीही तसेच वाटले, तरच गोंद काढावा.

आता त्या अटीकडे येते. विकायचा नाही, बदलायचा, यात एवढे काय आहे?

आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचे ताट असते ना, तसेच हे आहे. शेजारणीच्या घरी चकल्या झालेल्या असतात, आपल्याही झालेल्या असतात. हिशेबच करायचा तर या देवघेवीत कुणाचा आण्याचाही फायदा नाही. तरी ताट जाते, आणि ते ताट रिकामे परत पाठवायचे नाही हे कुणाला शिकवावे लागत नाही. त्या ताटातून चकली जाते खरी, पण पोचतो तो शेजारणीचा हात: तिच्या हाताचे मीठ, तिच्या हाताची कड. विकतची चकली कितीही खुसखुशीत असो, ताटात ती बोलत नाही. पत्त्याचेही तसेच आहे. घेणाऱ्याला आधी करणारा व्हावे लागते. आणि किंमतच नसल्यामुळे आठ वर्षांच्या पोराचा पत्ता आणि नामांकित चित्रकाराचा पत्ता एकास एक बदलला जातो. असा सौदा दुसऱ्या कोणत्या बाजारात होतो?

हे सारे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. गेल्या दिवाळीत आमच्या परळच्या चाळीत आम्ही ते करून पाहिले.

ती चाळीतली शेवटची दिवाळी होती. इमारत पाडून नवी बांधायची, असे ठरले होते. जानेवारीत सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या आणि इमारत उभी राहीपर्यंत जिथे भाड्याने जागा मिळेल तिथे राहायचे. कुणी डोंबिवली पाहिली, कुणी वसई, कुणी मुलाकडे पुण्याला. चोवीस खोल्यांपैकी पाच आधीच कुलूपबंद होत्या. उरली एकोणीस बिऱ्हाडे. दोन पिढ्या एकमेकांच्या गॅलरीत वाढल्या होत्या, आणि आता निरोप कसा घ्यायचा हे कुणालाच कळत नव्हते. मी पत्त्यांची कल्पना काढली. प्रत्येक बिऱ्हाडाने एकोणीस पत्ते करायचे. एक आपल्याकडे ठेवायचा, अठरा इतरांना द्यायचे. आमच्या ह्यांनी लगेच गुणाकार केला: "तीनशे एकसष्ट! कोण करणार एवढे?"

झाले. कुणी गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या आणल्या, गुलाबी, पिवळ्या, हिरव्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तीन लेकींच्या लग्नपत्रिकांवरचे गणपती कापले. कुणाच्या पत्त्यावर जुने विजेचे बिल आले, कुणाच्या नातवाने गोट्या आणि पतंग चिकटवले. सर्वांत मोठा प्रश्न उभा राहिला तो नानांच्या खोलीत.

नाना ऐंशीच्या घरातले. गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. त्यांच्या पेटीत कापडाच्या ताग्यांवर लावायच्या रंगीत लेबलांचा एक गठ्ठा होता. वाघ, हत्ती, देवी, आगगाडी. सोनेरी काठ, रंग अगदी कालचे. चाळीतल्या एका मुलाने मोबाईलवर शोधून सांगितले, "नाना, याला संग्राहक चांगले पैसे देतात. कापू नका!" मलाही ते कापणे पाहवेना. मी म्हटले, "नाना, रंगीत झेरॉक्स काढून आणू. नकला कापा, अस्सल ठेवा."

नानांनी कात्री खाली ठेवली नाही. म्हणाले, "ताई, नकलेला माझा हात लागला होता का? हे कागद मी स्वतः ताग्यांवर डकवलेत. विकले तर कुण्या अनोळखी माणसाच्या कपाटात जातील. पेटीत ठेवले तर माझ्यामागे रद्दीत जातील. इथे अठरा घरांत जातील, आणि त्या घरांना मी माहीत आहे."

मला अजून वाटते, जुना कागद राखावा. लेबल एकदा कापले की ते पुन्हा सांधत नाही, आणि गिरण्यांच्या खुणा आता उरल्या आहेत तरी किती? पण नानांच्या बोलण्याला उत्तर माझ्याजवळ नव्हते, आजही नाही. एवढे मात्र झाले, की प्रत्येक चित्राचे एकेक लेबल त्यांनी अखंड बाजूला ठेवले आणि बाकीच्यांना कात्री लावली.

त्यांच्यापुढे दुसरीही एक अडचण होती. शेजारच्या खोलीतल्या काकूंशी त्यांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. मोरीच्या पाण्यावरून काहीतरी निघाले होते. पाणी केव्हाच आटले, अबोला तसाच राहिला. आमच्या नियमात मात्र कुणाला वगळायची सोय नव्हती. अठरा म्हणजे अठरा. एका पोराने नानांचा पत्ता काकूंच्या कडीला अडकवला आणि काकूंचा नानांच्या. नानांनी पाठवला होता हत्ती, मागे गॅलरीच्या निळ्या रंगाचा कागद. काकूंनी पाठवले होते तुळशीवृंदावन, जुन्या पंचांगातून कापलेले. दोघांपैकी कुणीही काही बोलले नाही. मला वाटले, संपले तेथेच.

जानेवारीत काकूंचे सामान उतरत होते. जिन्याच्या वळणावर हमालांच्या हातातले कपाट भिंतीला घासले, तेव्हा वरून नानांचा आवाज आला, "जपून रे! काकूंच्या आरशाला लागेल." काकूंनी वर पाहिले. "लागायचा नाही, नाना," त्या म्हणाल्या, "आरसा मी कालच पोत्यात गुंडाळलाय." अकरा वर्षांनंतरचा संवाद एवढाच. पण एवढा झाला.

चाळ आता नाही. एकोणीस बिऱ्हाडे एकोणीस ठिकाणी आहेत. प्रत्येक घरी एकोणीस पत्त्यांचा एक लहानसा गठ्ठा आहे. कुणी तो डब्यात ठेवला आहे, कुणी भिंतीवर चौकटीत लावला आहे. पत्त्याच्या मागे नाव आहे आणि जुन्या खोलीचा नंबर.

म्हणून वाचकहो, यंदा आकाशकंदील झाल्यावर खालचे कपटे केरात लोटू नका. मुंबईत राहत असाल तर माहीमच्या कंदील गल्लीत कंदील घ्यायला जाल तेव्हा कारागिरांच्या पायांशी पडलेल्या रंगीत चिंध्यांकडेही एक नजर टाका; मागितल्या तर बहुधा कुणी नाही म्हणायचे नाही. पाडव्याच्या दुपारी जेवणे झाल्यावर मुलांना, आजीला, आणि 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्या ह्यांनाही ओळीने बसवा. नऊ पत्ते करा. भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात एक ठेवा, फराळाच्या डब्याबरोबर एक पाठवा, आणि ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या कडीला एक अडकवा. उत्तर आले तर उत्तम. नाही आले तरी तुमचा पत्ता त्याच्या घरात राहीलच.

घरे बदलली, की पत्ते बदलतात. हे पत्ते मात्र आधीच बदललेले असतात, म्हणूनच ते टिकतात.